हिवतापाच्या जंतूंची जनुकीय ओळख

हिवताप आणि कोलकाता यांचा संबंध डॉ. रोनाल्ड रॉस यांच्यामुळे सर्वपरिचित आहे. पक्ष्यांमधील हिवताप डासांमार्फत पसरतो, हे त्यांनी १८९८ मध्ये याच शहरात सिद्ध केले. मात्र, १९३२ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये झालेले संशोधन तितकेसे कोणाच्या स्मरणात राहिलेले नाही. रॉबर्ट नोल्स आणि बी. एम. दासगुप्ता यांनी माकडाच्या रक्तातील हिवतापाचे परोपजीवी माणसाच्या शरीरात टोचून, हा आजार माणसालाही होऊ शकतो हे दाखवून दिले. (आजच्या नैतिक नियमांत असा प्रयोग बसला नसता.) त्याच वर्षी या परोपजीवीला ‘प्लास्मोडियम नोलेसी’ असे नाव मिळाले.

पुढे अनेक दशके हा परोपजीवी प्रामुख्याने माकडांचाच मानला गेला. याचे कारण निदानाच्या पद्धतीत होते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही पद्धत स्वस्त व भरवशाची आहे. परंतु नोलेसीच्या काही अवस्था ‘प्लास्मोडियम मलेरिई’सारख्याच दिसतात. या साम्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. मलेरिई ७२ तासांनी, तर नोलेसी दर २४ तासांनी रक्तात वाढतो. त्यामुळे सौम्य समजलेला ताप काही दिवसांतच प्राणघातक ठरू शकतो.

हा गुंता रिबोसोमल आरएनएच्या जनुकांमुळे सुटला. प्रथिने तयार करणारे रिबोसोम प्रत्येक सजीव पेशीत असतात. त्यांच्या घडणीतील ‘१८-एस’ या आरएनएच्या जनुकाचे काही भाग सर्व प्रजातींत जवळजवळ सारखे, तर काही भाग प्रजातीगणिक वेगळे असतात. १९९३ मध्ये जॉर्जेस स्नूनू व सहकाऱ्यांनी या जनुकावर आधारित दोन टप्प्यांची पीसीआर चाचणी प्रसिद्ध केली. पहिल्या टप्प्यात रक्तात प्लास्मोडियम आहे की नाही हे कळते. दुसऱ्या टप्प्यात त्याची प्रजाती निश्चित होते. या टप्प्यात फाल्सिपेरमचा २०५, मलेरिईचा १४४ आणि वायव्हॅक्सचा १२० आधार-जोड्यांचा तुकडा मिळतो.

येथे प्लास्मोडियमचे एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. बहुतेक प्रगत सजीवांत ही जनुके शेकड्यांनी व एकापाठोपाठ एक असतात. प्लास्मोडियममध्ये मात्र ती मोजकीच असून वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असतात. शिवाय ती एकसारखीही नसतात. माणसाच्या रक्तात असताना एका प्रकारचे जनुक कार्यरत असते, तर डासाच्या शरीरात दुसऱ्या प्रकारचे. म्हणूनच दोन प्रजातींची तुलना करताना एकाच प्रकारची जनुके समोरासमोर ठेवावी लागतात. अन्यथा नात्यांचा चुकीचा वंशवृक्ष हाती येतो. फाल्सिपेरमचे जवळचे नाते पक्ष्यांमधील परोपजीवींशी आहे, असा निष्कर्ष १९९१ मध्ये याच जनुकांवरून काढण्यात आला होता. पुढील अभ्यासांनंतर तो मागे पडला.

मलेशियातील सारावाक प्रांतात बलबीर सिंग व सहकाऱ्यांना मलेरिईचे म्हणून नोंदवलेले नमुने मलेरिईच्या पीसीआर चाचणीला दाद देईनात. १८-एस जनुकाचा क्रम वाचल्यावर ते नोलेसी असल्याचे स्पष्ट झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २०८ पैकी १२० रुग्णांत नोलेसी आढळला. कोलकात्यात अभ्यासल्या गेलेल्या परोपजीवीचे हे खरे रूप समोर यायला ७२ वर्षे लागली. अंदमान-निकोबार बेटांवरील रुग्णांतही त्याचे अस्तित्व २०१३ मध्ये नोंदवले गेले.

भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक रुग्णासाठी पीसीआर करणे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. वायव्हॅक्सच्या रुग्णाला यकृतातील सुप्त अवस्था नष्ट करण्यासाठी प्रायमाक्विन द्यावे लागते, फाल्सिपेरमवर आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषधे देतात. एवढा निर्णय काचपट्टीवरून होऊ शकतो. संशयास्पद व मिश्र संसर्गाचे नमुने मात्र संदर्भ प्रयोगशाळेत जायला हवेत. तेथेही सावधगिरी आवश्यक आहे. नोलेसीसाठी सुरुवातीला वापरलेले प्रायमर वायव्हॅक्सच्या काही नमुन्यांनाही चिकटतात, असे २००९ मध्ये आढळले. वायव्हॅक्सचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात म्हणूनच, नोलेसीचा अहवाल देण्यापूर्वी जनुकाचा संपूर्ण क्रम वाचून खात्री करणे इष्ट ठरते.