बेस गिटारचा ॲम्प्लिफायर : पारख आवाजाची आणि बांधणीची

लग्नसराई आली की ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी आणि कव्वालीच्या कार्यक्रमांना मागणी येते. श्रीरामपूर व आसपासच्या गावांत आपले काही भाऊ साउंड-मंडपाचा धंदा करतात, तर काही सुतारकाम किंवा रेडिओ दुरुस्ती. या सर्वांना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती. माझा धंदा कापडाचा. पण माल कोणताही असो, लेबल वाचून नव्हे तर पोत पाहून घ्यावा, हा नियम एकच.

साध्या गिटारची सर्वात खालची तार सेकंदाला सुमारे 82 कंपने देते, बेस गिटारची 41. इतका खालचा सूर काढायला स्पीकरला जास्त हवा ढकलावी लागते. म्हणून साध्या गिटारच्या लहान पेटीवर बेस जोरात वाजवला, तर आवाज फाटतो आणि कोन किंवा कॉइल खराब होण्याची भीती असते.

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1951 साली विजेवरील बेस गिटार बाजारात आणली आणि 1952 मध्ये तिच्यासाठी 'बेसमन' ॲम्प्लिफायर काढला. त्यात 15 इंची एकच स्पीकर होता. पुढे 10 इंची चार स्पीकर आले. 1969 मध्ये अँपेग कंपनीचा 300 वॉटचा 'एसव्हीटी' आला. त्याच्याबरोबरच्या बंद पेटीत 10 इंची आठ स्पीकर. आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या वादकांत टोनी वाझ यांनी बेस गिटार वाजवली, तिची लय घरोघरी पोचली.

आता फरक पाहू.

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जोर दिला की हळूहळू दबतो, आवाज भरदार व ऊबदार होतो. पण तो जड असतो, व्हॉल्व्ह बदलावे लागतात आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालवू नये. ट्रान्झिस्टरचा आवाज स्वच्छ राहतो, मात्र मर्यादा ओलांडली की एकदम कर्कश होतो. आजचे 'क्लास डी' ॲम्प्लिफायर दोन-तीन किलोंचेही मिळतात. रोज टेम्पोत चढवणाऱ्याला ते सोयीचे.

पेटीचे दोन प्रकार. बंद पेटीचा आवाज आटोपशीर व घट्ट. भोक ठेवलेली पेटी खालच्या सुरांना जास्त जोर देते, पण भोकाचे माप चुकले तर आवाज घुमतो. सुतार भावांनी हे ध्यानात ठेवावे: प्लायवूड जाड असावे, आतून आडव्या पट्ट्या असाव्यात, सांध्यातून हवा गळू नये. भुसा दाबून केलेला बोर्ड स्वस्त पडतो, पण पाणी लागले की फुगतो.

खरेदीत फसवणूक होते ती वॉटच्या आकड्यात. खोक्यावर 'पीएमपीओ'चे हजारो वॉट छापलेले असतात. तो आकडा म्हणजे नुसती जाहिरात. 'आरएमएस' वॉट विचारा. शिवाय वॉट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त 3 डेसिबल वाढतो. तेवढ्यासाठी कर्ज काढू नये. चांगला स्पीकर घेणे अधिक फायद्याचे. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 4 ओहम होतात; ॲम्प्लिफायरला ते झेपते का, हे आधी पाहावे. न झेपल्यास तो तापून जळतो.

कायद्याचेही भान हवे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सूट मिळते ती सरकारने ठरवलेल्या मोजक्याच दिवशी, तीही मध्यरात्रीपर्यंत. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. खालचा सूर भिंतीतून आरपार जातो, शेजारी आजारी माणूस असू शकतो. सेट जप्त झाला तर हंगामाची कमाई जाते.

म्हणून खरेदीला जाताना वादकाला व त्याच्या गिटारीला बरोबर न्यावे. आधी हळू, मग जोरात वाजवून पाहावे. सर्वात खालचा सूर प्रत्येक वेळी वेगळा, स्पष्ट ऐकू आला, तर माल घ्यावा. नुसती धडधड ऐकू आली, तर पुढच्या दुकानाची पायरी चढावी.