खिशातील पिस्तूल आणि सुरक्षिततेचा हिशेब

अमेरिकेतील शस्त्रविक्रीच्या दुकानात शिरणारा सर्वसामान्य ग्राहक आज पिस्तुलाबद्दल जे प्रश्न विचारतो, ते पन्नास वर्षांपूर्वी फारसे कोणी विचारले नसते. सदऱ्याखाली ते दिसणार तर नाही? दिवसभर कमरेला बाळगले तर टोचणार नाही ना? त्यात गोळ्या किती मावतात? आणि लाल ठिपक्याचे दर्शक त्यावर बसवण्याची सोय आहे की नाही? शिकारीचे किंवा नेमबाजीचे साधन म्हणून असलेली बंदूक मागे पडून घड्याळासारखी रोज अंगावर बाळगायची वस्तू पुढे आली आहे, हे या प्रश्नांवरून ध्यानात येते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत तेथील ३२ टक्के प्रौढांनी आपल्याजवळ बंदूक असल्याचे सांगितले. त्यांपैकी ७२ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे प्रमुख कारण दिले. मागणी भीतीतून निर्माण झालेली असली, की वस्तूचे मूल्यमापन कसे होते आणि कसे व्हायला हवे, हा केवळ छंदिष्टांचा प्रश्न राहत नाही.

या बाजारपेठेची घडण कायद्याने केली आहे. फ्लोरिडा राज्याने १९८७ मध्ये पात्र अर्जदाराला गुप्तपणे शस्त्र बाळगण्याचा परवाना देणे बंधनकारक केले आणि त्यानंतर एकामागून एक राज्यांनी तीच वाट धरली. २००३ मध्ये अलास्काने परवान्याची अटच काढून टाकली. २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २९ झाली. न्यूयॉर्कमध्ये मात्र १९११ च्या कायद्याच्या परंपरेनुसार ‘योग्य कारण’ दाखवल्याशिवाय परवाना मिळत नसे. ही अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी घटनाबाह्य ठरवली. दुसरीकडे, दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या नव्या पेट्यांवर १९९४ ते २००४ या काळात देशव्यापी बंदी होती. गोळ्या दहाच ठेवायच्या, तर पिस्तूल मोठे कशाला, असा विचार उत्पादकांनी केला आणि आखूड पिस्तुलांना चालना मिळाली. बंदीचा हेतू एक आणि परिणाम दुसराच, असा हा नमुना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही.

लहान पिस्तूल हा तडजोडींचा प्रकार आहे. १९८८ मध्ये आलेले ग्लॉक १९ पंधरा गोळ्यांचे असून त्याची नळी सुमारे चार इंचांची आहे. त्या काळी ते आटोपशीर गणले गेले. २०१८ मध्ये सिग सॉअर कंपनीने पी-३६५ बाजारात आणले. त्याची नळी जेमतेम तीन इंचांची, वजन सुमारे अर्धा किलो, तरीही पेटीत दहा गोळ्या मावत. गोळ्या दोन रांगांत, पण वरच्या बाजूस निमुळत्या होत जातील अशा रचल्याने हे साधले. प्रतिस्पर्ध्यांनी वर्ष-दोन वर्षांत त्याच आकाराची पिस्तुले आणली. परंतु निसर्गनियमांशी तडजोड करता येत नाही. वजन घटले, की गोळी सुटतानाचा धक्का हाताला अधिक जाणवतो. मूठ आखूड झाली, की करंगळीला आधार उरत नाही. नळी आखूड झाली, की टोकावरची माशी आणि मागची खाच यांतील अंतर कमी होते आणि नेमातील लहानशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. लपवायला जे सोपे, ते चालवायला अवघड, हे या वस्तूचे मूळ दुखणे आहे.

लाल ठिपक्याचे दर्शक हा या दुखण्यावर काढलेला उपाय होय. स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये असे विजेरी दर्शक प्रथम विकायला आणले. पुढे ते इतके लहान झाले, की पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, म्हणजे स्लाइडवर, बसू लागले. काचेवर दिसणारा ठिपका लक्ष्यावर ठेवायचा, माशी आणि खाच जुळवण्याची गरज नाही. साहजिकच नळीच्या लांबीचा नेमाशी असलेला संबंध बराचसा तुटतो. वयोमानाने जवळचे अंधूक दिसू लागलेल्यांना याचा फायदा विशेष. पण त्याची किंमतही मोजावी लागते. विजेरी बदलावी लागते, काचेवर धुके व कपड्यांची कसपटे बसतात, आणि पुरेसा सराव नसेल तर पिस्तूल उचलल्यावर ठिपका शोधण्यातच मोलाचे क्षण जातात. शिवाय दर्शक बसवण्याच्या खाचांचे सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचे दर्शक दुसरीच्या खाचेत बसेलच असे नाही. एकदा घेतलेला निर्णय ग्राहकाला पुढील खरेदीतही बांधून ठेवतो. दर्शक, म्यान, सरावाच्या गोळ्या आणि शिकवणी यांचा खर्च जमेस धरला, तर पिस्तुलाची छापील किंमत हा एकूण खर्चाचा एक भागच ठरतो.

मग ग्राहकाने पारख करावी कशी? नियतकालिकांतील परीक्षणे हा त्याचा मुख्य आधार. आणि ज्यांच्या मालाचे परीक्षण करायचे, त्यांच्याच जाहिरातींवर ही नियतकालिके बहुतांशी चालतात. हेतू निर्मळ मानला, तरी पद्धतीचा प्रश्न राहतोच. ‘पाचशे गोळ्या झाडल्या, एकदाही अडकले नाही’ हे वाक्य ऐकायला भरघोस वाटते. संख्याशास्त्राचा साधा नियम मात्र सांगतो, की पाचशे प्रयत्नांत एकही बिघाड न आढळल्यास ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की बिघाडाचे प्रमाण हजारी सहापेक्षा जास्त नसावे. म्हणजे सुमारे १६७ गोळ्यांमागे एकदा अडकणारे पिस्तूलही या परीक्षेत निर्दोष ठरू शकते. शिवाय परीक्षा झालेली असते ती एका नगाची, शांत मैदानावर, प्रकाशात, निवांत मनाने. ज्या प्रसंगासाठी खरेदी होते, तो प्रसंग याच्या नेमका उलट असतो.

अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले, की विक्रेत्याला माहीत आणि ग्राहकाला अज्ञात अशी स्थिती असली, की बाजार आपोआप योग्य निवाडा करीत नाही. अशा ठिकाणी सार्वजनिक तपासणीची गरज असते. परंतु अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाच्या कक्षेतून बंदुका वगळल्या आहेत. खेळण्यातील पिस्तुलाची चौकशी हा आयोग करू शकतो, खऱ्याची नाही! २००५ च्या कायद्याने उत्पादकांना इतरांनी केलेल्या गुन्ह्यांबाबतच्या बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिले. सदोष मालाबद्दल न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला आहे, पण तो इजा झाल्यानंतरचा. विक्रीपूर्वी पिस्तूल आपटून पाहण्याची सक्ती कॅलिफोर्नियासारख्या मोजक्याच राज्यांत आहे. २०१७ चे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकी लष्कराने सिग सॉअरच्या पी-३२० ची आवृत्ती निवडली. लष्कराच्या चाचण्यांत पिस्तूल पडल्यास धोका संभवतो असे आढळले आणि कंपनीने चापाच्या यंत्रणेत हलके भाग बसवून दोष दूर केला. नागरिकांना विकलेल्या पिस्तुलांसाठी मात्र ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. विशिष्ट कोनातून पडल्यास गोळी सुटते, हे खाजगी परीक्षकांनी दाखवल्यावर कंपनीने मोफत ‘सुधारणा’ देऊ केली. राज्यसंस्था स्वतः ग्राहक असली की कसून तपासते. नागरिक ग्राहक असला की त्याला त्याच्या नशिबावर सोडते.

याहून मोठा प्रश्न दुकानात विचारलाच जात नाही. पिस्तूल उत्तम ठरले, तरी बाळगणारा अधिक सुरक्षित होतो काय? २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे दगावली. त्यांतील २६,३२८ आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातील दोन कोटी ६३ लाख प्रौढांच्या २०२० मधील अभ्यासानुसार, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट, तर स्त्रियांत पस्तीसपट होते. अनोळखी हल्लेखोरासाठी घेतलेले शस्त्र घरातल्याच खचलेल्या माणसाच्या हाती लागते, असा याचा अर्थ होतो.

लपवलेल्या शस्त्राचा लाभ इतरांनाही होतो, कारण कोण सशस्त्र आहे हे चोराला कळत नाही, असा युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ च्या पुस्तकात मांडला. तर्काला तो पटण्यासारखा आहे. पण राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ मध्ये उपलब्ध पुराव्यावरून असा निष्कर्ष काढता येत नाही असे म्हटले. २०१९ मध्ये डोनोह्यू व सहकाऱ्यांनी केलेल्या विश्लेषणात असे कायदे झाल्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के अधिक आढळले. वाद संपला असे नाही. परंतु ‘शस्त्रे वाढली म्हणजे शांतता वाढली’ असे छातीठोकपणे सांगण्यास आधार उरलेला नाही.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने वेगळा मार्ग पत्करला. येथे परवाना हा अपवाद आहे आणि ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. त्यामुळे शस्त्रांचा प्रश्न सुटला असे म्हणण्याचे धाडस गावठी कट्ट्यांच्या बातम्या वाचणारा कोणी करणार नाही. तरीही शिक्षण किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मुलामुलींच्या काळजीने मराठी घरांतून तेथील बातम्या वाचल्या जातात, तेव्हा या दोन व्यवस्थांतील अंतर प्रकर्षाने जाणवते.

रात्रपाळीहून एकटी परतणाऱ्या परिचारिकेची भीती खोटी नाही. पोलीस वेळेवर पोहोचणार नाहीत, ही तिची शंकाही अनाठायी नाही. तिला मूठ, नळी आणि ठिपका यांची माहिती देणारे पुष्कळ आहेत. घरात कोणी निराशेने ग्रासलेले आहे काय, पिस्तूल रात्री कुलपात राहील काय, सरावाला वर्षभर वेळ आणि पैसा मिळेल काय, हे विचारणारे थोडे. हे प्रश्न आधी विचारले गेले, तर काही ग्राहक पिस्तूल घेऊन बाहेर पडतील आणि काही रिकाम्या हाताने. दोघांनीही हिशेब पुरा केलेला असेल. आजच्या बाजारात हा हिशेब अर्धाच मांडला जातो. आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत पुष्कळदा अशा व्यक्तीला मोजावी लागते, जिने ती खरेदी केलेलीच नसते.