मोझांबिकला निघालेल्या अकोल्याच्या माणसानं मलेरियाची गोळी घ्यावी का?

अकोला आणि तुरीची डाळ हे नातं काही वेगळं सांगायला नको. पण देशातल्या डाळ मिलमध्ये भरडली जाणारी सगळी तूर आपल्याच शेतातली असते, असं मात्र नाही. मोझांबिक, टांझानिया, मलावी या आफ्रिकी देशांतून भारतात दरवर्षी तूर येते. जुलै २०१६ मध्ये तर भारतानं मोझांबिकसोबत डाळींच्या आयातीचा करारच केला. १ लाख टनांपासून सुरुवात करून पाच वर्षांत २ लाख टनांपर्यंत जायचं, असं त्यात ठरलं होतं.

आता धंदा म्हटला की माणूस जातोच. कुणी माल बघायला जातं, कुणी सौदा करायला. अमरावती-अकोल्याकडची पोरं नोकरीसाठी नायजेरिया, युगांडा, टांझानियाची वाट धरतात. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट झालं की एजंट आठवण करून देतो, "यलो फीव्हरची लस घेतली का? पिवळं कार्ड लागते." लस घेतली जाते, कार्ड पासपोर्टला जोडलं जातं आणि आरोग्याचा विषय तिथंच संपतो.

मलेरियाच्या गोळीचं नाव कुणी काढत नाही. काढलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "आपण मेळघाटाच्या पायथ्याशी वाढलेली माणसं. आपल्याले काय मलेरियाचं कौतुक?"

नेमकी इथंच गल्लत होते.

पहिली गोष्ट म्हणजे यलो फीव्हर आणि मलेरिया हे दोन पूर्णपणे वेगळे आजार आहेत. यलो फीव्हर विषाणूमुळे होतो. एक लस घेतली की आयुष्यभर चालते, फक्त ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. हे कार्ड विमानतळावर तपासलं जातं, कारण हा आजार भारतात शिरू नये याची सरकारला काळजी असते. मलेरिया परजीवीमुळे होतो आणि त्याच्यापासून ही लस अजिबात वाचवत नाही. मलेरियाची गोळी घेतली की नाही, हे कुठलाच अधिकारी विचारत नाही. कारण ती देशासाठी नसते, ती तुमच्यासाठी असते. विचारणारं कुणी नसतं म्हणूनच ती राहून जाते.

दुसरी गोष्ट, "आपल्याला सवय आहे" या समजुतीची. मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती गोवर किंवा कांजिण्यांसारखी नसते. ती एकदा आजार होऊन मिळत नाही. लहानपणापासून वारंवार संसर्ग होत राहिला, तरच अर्धवट तयार होते आणि माणूस त्या भागातून बाहेर पडला की ओसरत जाते. नायजेरियात ऑफिसमधला स्थानिक सहकारी मलेरिया झाला तरी चार दिवसांत कामावर परत येतो, ते याचमुळे. त्याचं शरीर वीस-तीस वर्षं या परजीवीशी झुंजत आलेलं असतं. अकोल्याहून गेलेल्या माणसाला १९९८ साली एकदा थंडीताप आला होता, त्याची या झुंजीत काडीचीही मदत होत नाही. तोच सहकारी दहा वर्षं युरोपात राहून सुट्टीला गावी गेला, तर त्यालाही गोळी घ्यायला सांगितलं जातं.

शिवाय मलेरिया एकाच प्रकारचा नसतो. आपल्याकडे व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम हे दोन्ही परजीवी सापडतात. व्हायवॅक्स माणसाला हैराण करतो, पण सहसा जीव घेत नाही. फाल्सिपेरमचं तसं नाही. त्यानं पछाडलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात आणि मेंदू, किडनी, फुप्फुस यांचा रक्तपुरवठा अडतो. काल फक्त ताप असलेला माणूस एक-दोन दिवसांत बेशुद्ध होऊ शकतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जवळपास सगळा मलेरिया फाल्सिपेरमचाच आहे.

आकडे बघितले की फरक लक्षात येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले. एकट्या नायजेरियाचा वाटा ३१ टक्क्यांच्या आसपास. याच अंदाजानुसार भारतातले रुग्ण मात्र २०१७ मधल्या ६४ लाखांवरून २०२३ मध्ये २० लाखांवर आले. म्हणजे वऱ्हाडातल्या आजच्या तरुणाच्या अंगात मलेरियाची "सवय" त्याच्या आजोबांपेक्षाही कमी आहे.

विदर्भात अजून एक गोष्ट ऐकायला मिळते. आपल्याकडे सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे आणि सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही, असं कुणीतरी सांगतं. यात अर्धंच खरं आहे. सिकलसेलचा वाहक असलेल्या, म्हणजे आजार नसलेल्या माणसाला गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. पण मलेरिया त्यालाही होतो. आणि ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्याच्यासाठी तर मलेरिया इतरांपेक्षा जास्त घातक ठरतो.

मग गोळी नेमकं काय करते? ती डास चावण्यापासून वाचवत नाही आणि परजीवी शरीरात शिरण्यापासूनही नाही. डास चावला की परजीवी आधी यकृतात जातो, तिथं साधारण एक-दोन आठवडे वाढतो आणि मग रक्तात उतरतो. बहुतेक गोळ्या त्याला रक्तात उतरल्यावर मारतात. हे एकदा समजलं की गोळी परत आल्यावरही का घ्यायची, ते वेगळं सांगावं लागत नाही. परतीच्या आदल्या रात्री चावलेल्या डासाचा परजीवी तुम्ही घरी पोहोचल्यावर कधीतरी रक्तात येणार असतो. लोक मात्र विमानतळावर उतरले की पाकीट बॅगेत टाकून मोकळे होतात.

भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये सहा आठवड्यांपर्यंतच्या प्रवासासाठी डॉक्सिसायक्लिन सांगितलं आहे. प्रौढांसाठी १०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी, निघायच्या दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. गोळी स्वस्त आहे आणि सहज मिळते. पण ती जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यावी लागते आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. उन्हात कातडी पटकन भाजते, हा दुसरा त्रास. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही.

सहा आठवड्यांपेक्षा जास्त राहायचं असेल, तर याच सूचनांमध्ये मेफ्लोक्विन आहे. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची. दोन आठवडे आधी सुरू करायची आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण काही जणांना यामुळे भयानक स्वप्नं पडतात, अस्वस्थता आणि नैराश्य येतं. ज्याला पूर्वी फिट्स, मानसिक आजार किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास झालाय, त्याला ही गोळी देत नाहीत. दोन आठवडे आधी सुरू करायचं एक कारण हेच, की त्रास होणार असेल तर तो घरी असतानाच कळावा.

तिसरा पर्याय म्हणजे अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. ही यकृतातल्या परजीवीवरही काम करते, म्हणून परतल्यावर फक्त सात दिवस पुरते. त्रास कमी, पण किंमत जास्त आणि आपल्याकडच्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. जुनी क्लोरोक्विन मात्र आफ्रिकेसाठी उपयोगाची राहिलेली नाही, कारण तिथल्या फाल्सिपेरमवर तिच्या भरवशावर राहता येत नाही. घरात पडलेली पट्टी सोबत नेण्यात अर्थ नाही. गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस किंवा "मलेरियाच्या होमिओपॅथी गोळ्या" मलेरिया टाळतात, याला कसलाही पुरावा नाही, व्हॉट्सॲपवर कितीही फिरू द्या.

लस आहे ना, असाही प्रश्न येतो. आहे, आणि ती आपल्या पुण्यात तयार होते. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि सीरम इन्स्टिट्यूटच्या आर-२१ लशीला जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस दिली. पण ती आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे. मोठ्या प्रवाशांना ती दिली जात नाही.

अर्थात परदेश म्हटलं की गोळी, असंही नाही. श्रीलंका २०१६ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाला, मालदीव त्याच्याही आधी. दुबईला जाणाऱ्यानं, बँकॉक-पट्टायाची ट्रिप करणाऱ्यानं गोळी घेण्याची गरज नाही. आफ्रिकेतही जागेनुसार फरक पडतो. जोहान्सबर्ग आणि केपटाऊनमध्ये मलेरिया नाही, पण त्याच दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर अभयारण्यात आहे. नैरोबी उंचावर असल्यानं तिथं धोका कमी, मोम्बासाच्या किनाऱ्यावर जास्त. आणि तूर जिथं पिकते ते मोझांबिकमधले नाम्पुला, झांबेझियासारखे प्रांत त्या देशातल्या सर्वाधिक मलेरियाच्या भागांत मोडतात. तूर निघते तेव्हा तिथं कोरडा हंगाम असतो, त्यामुळे धोका पावसाळ्यापेक्षा कमी असतो. पण संपत नाही. आठ दिवसांच्या सौद्यासाठी जाणाऱ्यानंही गोळी घ्यावी.

गंमत अशी, की हाच प्रश्न उलट्या दिशेनंही येतो. अमरावतीची मुलगी न्यू जर्सीत राहते, दिवाळीला लेकरांना घेऊन माहेरी येते. तिकडचा डॉक्टर मलेरियाच्या गोळ्या लिहून देतो आणि इकडे आजी हसते, "माहेरी याले कोणी गोळ्या खाते का?" अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेचा सल्ला असा आहे की भारतात उंच डोंगराळ भाग वगळता सगळीकडे गोळी घ्यावी. ब्रिटनच्या तज्ज्ञांचं मत वेगळं. त्यांनी ओडिशा, आसाम आणि मोजक्या जिल्ह्यांसाठीच गोळी सांगितली आहे, बाकी भारतात डासांपासून सांभाळलं तरी पुरे म्हणतात. म्हणजे भाऊबीजेला एकाच घरात जमलेल्या न्यू जर्सीच्या बहिणीला गोळी आणि लंडनच्या भावाला नाही.

दोघांपैकी चूक कुणीच नाही. अमेरिकेनं थोडाही धोका असेल तर गोळी, असं धोरण ठेवलंय. ब्रिटननं गोळीचा त्रास आणि आजाराची शक्यता समोरासमोर तोलली. महाराष्ट्रात गडचिरोलीत मलेरियाचं प्रमाण बरंच आहे. अमरावती शहरात दिवाळीचे पंधरा दिवस काढणाऱ्याचा धोका त्यामानानं बराच कमी. पण तीच मंडळी पावसाळ्यात मेळघाटातल्या गावात मुक्कामी राहणार असतील, सोबत लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर डॉक्टरशी नीट बोलूनच ठरवावं. आफ्रिकेच्या बाबतीत मात्र ही चर्चाच नसते. मोझांबिक किंवा नायजेरियासाठी अमेरिका, ब्रिटन आणि भारत तिघांचंही उत्तर एकच आहे, गोळी घ्या.

वर्षानुवर्षं तिकडे राहणाऱ्यांचं गणित थोडं अवघड आहे. रोज गोळी घेणं सुटतंच. अशांनी निदान मच्छरदाणी सोडू नये, कारण मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट या वेळात चावतो. ताप आला की त्याच दिवशी तपासणी करावी. दवाखाना एक दिवसापेक्षा लांब असेल, तर सोबत ठेवायचं औषध निघण्याआधीच डॉक्टरकडून लिहून घ्यावं.

गोळी घेऊनही मलेरिया होऊ शकतो, आणि खरा घोळ परतल्यावर होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अकोल्यात ताप आला की सगळ्यांच्या डोक्यात आधी डेंग्यू येतो, मग चिकुनगुनिया, मग स्क्रब टायफस. पेशंट तीन आठवड्यांपूर्वी टांझानियाहून आलाय हे तो सांगत नाही, डॉक्टरही विचारत नाही आणि दोन दिवस पॅरासिटामॉलवर जातात. फाल्सिपेरमच्या बाबतीत हे दोन दिवस फार महाग पडतात. परतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत धोका सर्वाधिक असतो. व्हायवॅक्स तर यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनीही उठतो, नेहमीच्या प्रतिबंधक गोळ्या त्याला तिथून हलवू शकत नाहीत. त्यामुळे परतल्यापासून वर्षभरात कधीही ताप आला तरी, अमरावतीचं इर्विन असो, अकोल्याचं सर्वोपचार असो की गल्लीतला दवाखाना, पहिलं वाक्य हेच असावं, "मी आफ्रिकेतून आलोय, मलेरियासाठी रक्त तपासा." पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत ती पुन्हा करून घ्यावी.