सरोवराच्या तळाशी जपलेले डोंगे

एकाच झाडाचे खोड कोरून केलेला डोंगा हे मानवाच्या अतिप्राचीन जलवाहनांपैकी एक होय. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील आंब्याच्या खोडाच्या, उलांडी लावलेल्या होड्या याच परंपरेतील आहेत. उघड्यावर पडलेले लाकूड कुजते. म्हणून जुने डोंगे जमिनीवर क्वचितच आढळतात. पाण्याखाली मात्र ते हजारो वर्षे टिकू शकतात. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मेंडोटा सरोवराने याचा प्रत्यय आणून दिला आहे.

हा परिसर हो-चंक या आदिवासी समाजाची पूर्वापार भूमी होय. राज्याच्या ऐतिहासिक संस्थेतील पुरातत्त्वज्ञ टॅमारा थॉमसन यांना २०२१ मध्ये सरोवरात बुडी मारली असता सुमारे २७ फूट खोलीवर एक डोंगा दिसला. त्याच वर्षी २ नोव्हेंबर रोजी तो वर काढण्यात आला. सुमारे १५ फूट लांबीचा हा डोंगा १,२०० वर्षांपूर्वीचा ठरला. त्यात जाळ्याला बांधावयाचे दगड सापडल्याने तो मासेमारीचा असावा, हे स्पष्ट झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये वर काढलेला दुसरा डोंगा तर ३,००० वर्षांपूर्वीचा निघाला. २०२५ पर्यंत अशा सोळा डोंग्यांची नोंद झाली असून त्यांतील सर्वांत जुना सुमारे ५,२०० वर्षांचा आहे. खोड विस्तवाने जाळावयाचे व जळलेला भाग दगडी हत्यारांनी खरवडावयाचा, अशी तेथील कारागिरांची रीत होती. या संशोधनात हो-चंक समाजाचाही सहभाग आहे.

तळाच्या गाळात प्राणवायू अत्यल्प असल्याने लाकूड कुजविणारी बुरशी तेथे फोफावत नाही. तथापि, दीर्घकाळात लाकडाच्या पेशी पोकळ होतात व केवळ आतील पाण्यामुळे त्यांचा आकार टिकतो. असे लाकूड बाहेर काढून वाळू दिल्यास ते आकसते, तडकते आणि त्याचे तुकडे होतात. यासाठी मेंडोटाचे डोंगे प्रथम पाण्याच्या टाकीत ठेवण्यात आले. त्यानंतर लाकडातील पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे द्रव्य हळूहळू मुरविण्याचे काम हाती घेण्यात आले. या कामास काही वर्षे लागतात.

यातून आपणांसही बोध घेता येईल. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर अथवा गाळ उपसताना एखादे जुने लाकडी अवशेष दिसल्यास ग्रामस्थांनी ते ओढून काढू नये, उन्हात ठेवू नये. ओल्या गाळाने झाकून पंचायत, मामलेदार कार्यालय वा पुरातत्त्व खात्यास त्वरित कळवावे. शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावी. शेकडो वर्षे पाण्याने जपलेला ठेवा चार दिवसांच्या उन्हात नष्ट होऊ न देणे, हे सर्वांचेच कर्तव्य आहे.