गेम कॉपी व्हायला तासभर? प्लॅन बदलण्याआधी पोर्ट बघा

गेमिंग व्हिडिओ बनवण्याचा व्यवसाय सुरू करताय? मग आधी हा हिशोब मांडा. कॉम्प्युटरवरचा 50 जीबीचा गेम स्टीम डेकवर टाकायचाय. राऊटरचा पोर्ट 100 एमबीपीएसचा असेल, तर सेकंदाला जास्तीत जास्त 12.5 एमबी जातात. म्हणजे तासाच्या वर वेळ! गिगाबिट पोर्ट असेल तर हिशोबाने 7 मिनिटं, प्रत्यक्षात थोडी जास्त.

मग करायचं काय?

1. राऊटर गिगाबिटचाच घ्या. केबल कॅट 5ई किंवा कॅट 6.
2. डेकला लॅन पोर्ट नसतो, म्हणून गिगाबिट लॅनचा डॉक लावा.
3. दोन्हीकडे एकाच अकाउंटने लॉगिन करा आणि स्टीमच्या सेटिंगमध्ये लोकल नेटवर्क ट्रान्सफर चालू करा. ही सोय 2023 मध्ये आली.
4. गेम मेमरी कार्डवर नको, डेकच्या आतल्या स्टोरेजवर टाका.

इथे गेमच्या फाइल्स घरातल्या घरातच फिरतात. त्यामुळे महागडा इंटरनेट प्लॅन घेऊन हा वेळ वाचणार नाही. आजच राऊटरची माहिती तपासा. पोर्ट 10/100 चा निघाला, तर पहिला खर्च तिथेच करा. भांडवल कमी असताना नेमकी अडचण ओळखणं, हीच खरी बचत!