उंदरांच्या शिंका आणि पूरक आहार

प्रयोगशाळेतल्या उंदराला अ‍ॅलर्जीची सर्दी मुद्दाम जडवावी लागते. अंड्याच्या पांढऱ्यातले ओव्हाल्बुमिन हे प्रथिन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडबरोबर त्याच्या पोटात टोचतात आणि काही दिवसांनी तेच नाकात थेंबथेंब सोडतात. उंदीर शिंकू लागतो, पुढच्या पायांनी नाक चोळतो. मग शिंका, रक्तातले आयजीई हे प्रतिपिंड आणि नाकाच्या अस्तरातल्या इओसिनोफिल पेशी मोजल्या जातात. क्वेर्सेटिन, हळदीतले कर्क्युमिन किंवा लॅक्टोबॅसिलस जिवाणू दिलेल्या प्राण्यांत हे आकडे अनेकदा कमी भरले आहेत.

मात्र बऱ्याच प्रयोगांत पूरक आहार अ‍ॅलर्जी जडण्याआधीच सुरू होतो. रुग्ण येतो तो वर्षानुवर्षे शिंकून झाल्यावर. प्राण्याची जातही पाहावी लागते: उंदराच्या यकृतात क जीवनसत्त्व तयार होते, गिनीपिगच्या आणि माणसाच्या होत नाही. त्यामुळे या जीवनसत्त्वाबाबत उंदरावरून माणसाचा अंदाज बांधणे धोक्याचे.

याहून मोठा प्रश्न मूळ खाद्याचा. हैदराबादेत तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ती 1918 मध्ये कुन्नूरला बेरीबेरीच्या अभ्यासासाठी सुरू झाली आणि 1958 मध्ये हैदराबादला आली. तिचे संस्थापक रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला उंदरांचे गट करून त्यांना भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे जेवण दिले. गव्हाची पोळी, दूध, लोणी, भाज्या असा शीख आहार घेणारे उंदीर सर्वांत चांगले वाढले. पठाणी आहार दुसरा, मराठा आहार तिसरा, भातावर भर असलेला मद्रासी शेवटचा. निकृष्ट अन्नावरच्या उंदरांत फुप्फुसांचे, नाकाचे आणि कानाचे विकारही दिसले. हा प्रयोग आज पूरकांच्या चर्चेत फारसा कुणी काढत नाही, पण तो काढायलाच हवा. खाद्यात आधीच उणीव असलेल्या उंदराला पूरकाने बरे वाटले, तर ते औषधाचा गुण म्हणून मोजता येत नाही. भरल्या पोटाच्या उंदरात तोच परिणाम दिसावा लागतो.

शेवटी कसोटी माणसावरच लागते. नागपुरात 75 रुग्णांना आठ आठवडे गुळवेल किंवा निष्क्रिय गोळी देऊन पाहण्यात आले. 2005 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात गुळवेल घेणाऱ्यांच्या शिंका आणि नाकाची खाज बरीच कमी झाली होती. चाचणी लहान होती, तरी हा थेट पुरावा होता. पुढे 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला.