पर्याय, पण कशाला?

‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणजे पर्यायी रॉक. पण पर्याय कशाला? खरे तर हे नाव चालीचे नव्हे, चुलीचे आहे. 1980च्या दशकात अमेरिकेत बड्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दारात उभे न केलेल्या तरुणांनी वेगळी चूल मांडली. छोट्या कंपन्या त्यांच्या तबकड्या काढत आणि कॉलेजांतील विद्यार्थ्यांची रेडिओ केंद्रे त्या वाजवत. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावची ‘आर.ई.एम.’ मंडळी याच वाटेने पुढे आली. अ‍ॅबर्डीनच्या ‘निर्वाणा’ची 1989 मधली पहिली तबकडी ‘ब्लीच’ सिएटलच्या ‘सब पॉप’ने काढली, तिच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च होता जेमतेम 600 डॉलर!

‘निर्वाणा’ची ‘नेव्हरमाइंड’ मात्र 1991 मध्ये बड्या कंपनीने काढली. जानेवारी 1992 मध्ये तिने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला बिलबोर्डच्या अग्रस्थानावरून खाली खेचले. आडवाटेचाच राजमार्ग झाला. या प्रसिद्धीने गायक कर्ट कोबेन अवघडला. एप्रिल 1994 मध्ये, अवघ्या 27व्या वर्षी त्याने जीवन संपवले. त्यामागे व्यसन होते, नैराश्यही होते. सारा दोष यशाच्या माथी मारणे बरे नव्हे.

पुढे हेच नाव लावून बड्या कंपन्यांनी भरपूर माल विकला. पर्यायालाच पर्याय शोधण्याची पाळी आली. तो शोधणारे आजही कुठल्या तरी गॅरेजमध्ये तारा जुळवत बसलेले असतात.